देपालपूर रस्त्यावर बसलेला ट्रेलर

मी बोटीचा ट्रेलर बोलतोय. इंदुरात बोटीचा ट्रेलर, हे ऐकूनच लोकांना हसू फुटतं. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि शहरातल्या नदीला नदी म्हणायची आता आपल्यालाच लाज वाटते. हसा, मला सवय आहे. जन्मभर मी हसणंच ऐकलं, आणि माझा घातही एका हसण्यानंच झाला.

माझा जन्म पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमधला. भंगारात निघालेल्या मोटारीचा एक्सल, लोखंडी अँगल आणि दोन चाकं, एवढंच माझं कुळ. संताजी मिस्त्रींनी मला जोडलं. चाकाच्या मधल्या पोकळ गड्ड्याला ते हब म्हणत. त्यात बेअरिंग बसवण्याआधी त्यांनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि करंजीत सारण भरावं तसा रोलरांच्या फटीफटीत दाबून भरला. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

मला न्यायला श्रीपादराव आले, आणि त्यांच्यासोबत त्यांची मुलगी अमिता. ती कॉलेजात बी.एस्सी. करत होती. मिस्त्रींनी दोघांना बजावून सांगितलं की रस्त्यावर हब तापतो, आणि तापलेला हब तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसून पाणी आत ओढते. काठावर पोचलात की आधी निवांत चहा प्या, हब गार होऊ द्या, मग ट्रेलर पाण्यात उतरवा. चार फेऱ्या झाल्या की चाक काढा, बेअरिंग रॉकेलनं धुवा, ताजं ग्रीस भरा. श्रीपादरावांनी मान हलवली. ऐकलं मात्र एकट्या अमितानं.

श्रीपादराव परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये ऑइलर होते. सूतकताईच्या चात्यांना तेल पाजण्यात त्यांची उमर गेली. मग मिल बंद पडली. पेपरात रोज लिहून यायचं की देशाची दारं उघडली, आणि परदेशीपुऱ्यात एकेका गेटला कुलूप लागत होतं. आता लोक हौसेवर खर्च करतील असं कुणीतरी सांगितलं, म्हणून श्रीपादरावांनी एक जुनी बोट घेतली. देपालपूर रस्त्यावरच्या तलावात लोकांना फिरवायचं, असा बेत. बोट तिथं ठेवली तर चोरीला जाणार, म्हणून ती गल्लीतून तलावावर न्यायला आणि परत आणायला मी.

हौशी लोकांना फिरवायला फेऱ्या सुरू झाल्या, पण तलावावरचा अख्ख्या मोसमाचा ठेका अजून मिळायचा होता. ज्याची बोट ठेका देणाऱ्या सरकारी साहेबांना पाण्यात चालताना दिसेल त्यालाच तो मिळणार होता. नाहीच मिळाला तर दुसरं काम तयार होतं. बंद मिलवर चौकीदार हवा होता. श्रीपादराव त्याचं नाव काढू देत नसत. म्हणायचे, "ज्या गेटातून मान वर करून आत जायचो, तिथंच शिट्टी घेऊन कुलूप राखत बसू? त्यापेक्षा तलावात उडी घेईन." अमिताचं कॉलेजही त्या ठेक्यावरच टांगलेलं होतं, हे घरात कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं.

मिल सोडताना श्रीपादरावांनी लांब चोचीची तेलाची झारी आणि चात्यांचं पातळ तेल घरी आणलं होतं. ग्रीस म्हणजे त्यांना चिखल वाटायचा. मिस्त्रींचा विषय निघाला की ते बिथरत. "तो मला वंगण शिकवतो? माझ्या तेलावर मिलचं आख्खं खातं फिरायचं." रोज सकाळी देवपूजा झाली की ते झारी घेऊन माझ्याकडे येत, हबची टोपी काढून तेल सोडत आणि दोन बोटं कपाळाला लावून नमस्कार करत. तेवढा वेळ ते पुन्हा ऑइलर असायचे. त्यांना कोण अडवणार? पण जिथं ग्रीसनं चिकटून बसायचं, तिथं ते तेल ग्रीसलाच विरघळवून बाहेर घेऊन येई, आणि माझ्या चाकांवर काळे ओघळ सुकत.

तलावावर पोचल्यावर थांबणंही त्यांना जमत नसे. मिलमध्ये मशीन उभं राहिलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, शिव्या घालायचा. ती धास्ती अंगात मुरलेली. मला ओढणारी जीप थांबली की सरळ मला पाण्यात लोटायचे. गार पाणी लागताच माझा तापलेला हब धाप लागल्यासारखा श्वास ओढी, आणि हवेऐवजी तलाव आत येई. आतलं उरलंसुरलं ग्रीस फाटलेल्या दुधासारखं झालं. मग गंज धरला. मी चालताना घरघरू लागलो.

ती घरघर पहिल्यांदा ऐकली अमितानं. आणि हेच माझं दुर्दैव, कारण अमिता सगळ्यालाच दचकायची. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मागून आलेली सायकल, काहीही चालायचं. जीपवाला अशोक शेजारीच राहायचा. तो मुद्दाम तिच्या पाठीमागे हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचा, "अमिताबाई, बघा, तुमची सावली आली." तिनं घरघरीचं सांगितलं तेव्हा श्रीपादराव हसले आणि झारीतून आणखी तेल सोडून मोकळे झाले.

ठेक्याच्या सकाळी आम्ही निघालो. पावसाळा सरत आला होता, दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. अमिता चहा तसाच सोडून माझ्याकडे आली. तिनं घाबरत घाबरत हबला बोट लावलं आणि किंचाळून हात मागे घेतला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"बाबा, फार तापलंय. चाक डुगडुगतंय पण. जरा थांबू या ना, उचलून बघू."

"तुला काय डुगडुगत नाही, तेवढं सांग," श्रीपादराव म्हणाले. "चाललं की तापणारच. आमची मशीनं काय बर्फावर चालायची?"

"काही नाही हो श्रीपादजी," अशोक म्हणाला, "ही तर फुग्याला पण घाबरते. चलो भिया, टेम हो रिया है."

टपरीवाला हसला, अशोक हसला. अमितानं बोटाकडे पाहिलं. त्यावर फोड उठत होता. तरी तीसुद्धा ओशाळून हसली आणि जीपमध्ये जाऊन बसली. खरं सांगू, मला त्या दोघांपेक्षा तिच्याच हसण्याचा राग आला.

पुढच्या वळणावर बेअरिंगचा चुरा झाला. उघडा एक्सल हबला खाऊ लागला, आणि चाक आम्हाला सोडून सोयाबीनच्या शेतात पळालं. मी एका कुशीवर रस्त्याला घासत गेलो. बोट घसरून मैलाच्या दगडावर आपटली आणि मधोमध चिरली. श्रीपादराव झारी हातात घेऊन धावत आले. तेल घालायला जागा शोधत होते, बिचारे. तलावावर साहेबांनी दुसऱ्याची बोट पाहिली आणि ठेका त्याला दिला.

काही दिवस श्रीपादरावांनी मिस्त्रींना शिव्या घातल्या, पोलोग्राउंडवाल्यानं सडका माल गळ्यात मारला म्हणून. नंतर तेही थांबलं. त्यांनी शिट्टी घेतली.

गल्लीत मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला मिलच्या आवारात आणून टाकलं. इथून गेट दिसतं, आणि गेटापाशी स्टुलावर बसलेले ते. अमितानं कॉलेज सोडलं. ती आता एका एसटीडी बूथवर बसते. दिवसभर कानाशी फोनची घंटी वाजते, आणि प्रत्येक घंटीला ती अजून दचकते, असं अशोक सांगतो. सांगताना आता हसत नाही.

दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन येते. परवा श्रीपादराव जेवता जेवता बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला कळलं होतं ना त्या दिवशी? जरा जोरात सांगायचं होतंस."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि रिकाम्या डब्याचं झाकण लावू लागली.

आवारातलं लोखंड लवकरच उचलणार आहेत. मी त्यात जाईन. त्याचं काही वाटत नाही. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो: चाक उचला, हातानं फिरवा, कान देऊन ऐका. आणि कुणी घाबरून हात मागे घेतला, तर हसण्याआधी तिथं आपलाही हात लावून बघा.

आणि तिनं नेमकं किती जोरात सांगायला हवं होतं, ते तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर तेही एकदा येऊन मला सांगा.