कॉलरच्या फेऱ्या

ही मुलगी तुमच्यावर लक्ष ठेवायला आलेली नाही, असं पोपटरावांनी सांगितलं. तेव्हाच मला कळलं की ती आमच्यावरच लक्ष ठेवायला आली आहे.

कात्रजला आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, चौदा मशिनी आणि मालक पोपटराव. मी एकवीस वर्षं कॉलर शिवते. शेजारच्या मशिनीवर मेहनाज काजं करते. ती मुलगी, नीरजा, विद्यापीठातली. तिच्या कोर्समध्ये म्हणे माणसं कामाच्या जागी कशी वागतात ते मोजायचं आणि त्यावरून काम सुधारायचं, तेही पुस्तकात नाही, खऱ्या कारखान्यात. छान. दिवाळीतच पोपटराव म्हणाले होते की एक बाई कमी करावी लागेल. सुधारणा कुठून सुरू होणार, हे समजायला मला विद्यापीठात जायची गरज नव्हती.

तिच्या मुठीत एक छोटं यंत्र होतं. दाबलं की टिक वाजायचं. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, मी कापलेल्या कॉलरी आणायला उठले की टिक. कटिंगचं टेबल शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मापं मिसळू नयेत म्हणून एका वेळी बाराच कॉलरी द्यायचा पोपटरावांचा नियम. माझा डावा गुडघा दोन वर्षं कुरकुरतोय. बाकीच्या जाऊन येतात तेवढ्यात मी निम्म्या वाटेवर असते. म्हणजे नाव ठरलंच की. त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

बुधवारी पाणी प्यायला गेले तर फिल्टरजवळ नीरजा आणि मेहनाज बोलत होत्या. मेहनाजने माझ्या मशिनीकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. नीरजा लिहून घेत होती. मला पाहिल्यावर दोघीही गप्प झाल्या. त्या दिवशी मेहनाजने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, तर मी पोट बिघडल्याचं सांगितलं. मला बसल्या जागी तिचा राग येत होता. चौदा वर्षं शेजारी बसून बाईने आपली जागा वाचवायला माझा गुडघा पुढे केला, असं माझ्या मनाने घेतलं.

आता माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी मेहनाज अर्धा तास आधी मागच्या दाराने निघते. तिची आई हुस्नबानू डायलिसिसला असते, तिला घरी न्यायचं असतं. राहिलेली काजं मी करते. नऊ महिने हे आम्हा दोघींतच होतं. शुक्रवारी ती गेल्यावर मी पोपटरावांना सांगितलं. ती लवकर जाते एवढंच सांगितलं, आईचं नाही आणि माझंही नाही. ते बरं म्हणाले.

शनिवारी नीरजाने भिंतीवर एक मोठा कागद लावला. सगळ्या जणींच्या मिळून दिवसाला चौऱ्याण्णव फेऱ्या निघाल्या होत्या. बायकांचं काही चुकत नाही, टेबल चुकीच्या जागी आहे, असं ती पोपटरावांना तोंडावर म्हणाली. टेबल मध्ये आणा, गठ्ठे मोठे द्या. आमच्याकडे वळून तिने सांगितलं, "हे मला मेहनाजकाकूंनी दाखवलं. जयाकाकूंचा गुडघा दुखतो, पण त्या कधी बोलायच्या नाहीत, म्हणून आधी त्यांच्या फेऱ्या मोज, म्हणाल्या."

मला मान वर करवेना. मेहनाजकडे बघायचीही लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मी पोपटरावांकडे गेले. काल माझी सांगण्यात चूक झाली, असं म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे ती लवकर जात नाही?" जाते, पण काम मागे राहत नाही, असं मी म्हणाले असते तर पुढचा प्रश्न तिचं काम कोण करतं हा होता. एक बाई कमी करायचीच होती, ठरत नव्हतं, तुम्ही सोपं केलंत, असं ते म्हणाले. लवकर जाता, सोमवारपासून येऊ नका, असं मेहनाजला सकाळीच सांगून झालं होतं.

संध्याकाळी कटिंगच्या पुरुषमंडळींनी टेबल उचलून मध्ये आणलं. मेहनाज आपली कात्री आणि डबा पिशवीत भरत होती. मी तिची पिशवी धरून उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. ती रडत नव्हती. नीरजा दाराशी कागदांची गुंडाळी करत होती, तिच्याकडे मेहनाज बघत राहिली.

"जयाताई, मी लवकर जाते ते तुमच्याशिवाय फक्त हिलाच माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "फार गोड बोलून विचारत होती. मीच सांगून बसले. हिनेच सांगितलं असणार, नाही का?"

नीरजाने आमच्याकडे बघून हात हलवला.

"हिनेच," मी म्हणाले.