दुसऱ्या यादीतली ताई

स्तनाच्या कर्करोगाची तपासणी सत्तरीलाच का थांबवायची, पुढच्या बायकांनाही बोलावलं तर जीव वाचतात का, हे शोधणाऱ्या कार्यालयात धाकटी पत्रं पाठवायची. एकाहत्तर ते त्र्याहत्तर वयाच्या बायकांची नावं संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून टाकी. निम्म्यांना पत्र, निम्म्यांना काही नाही. मग काही वर्षांनी दोन्हींची तुलना.

एका सोमवारी पत्र न जाणाऱ्या यादीत ताईचं नाव दिसलं. सख्खी बहीण, बहात्तर वर्षांची! एक नाव इकडचं तिकडे करायला कितीसा वेळ लागतो? पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यादीला हात लावलात की सगळं संशोधन पाण्यात." धाकटी पडली सरळमार्गी. तिने यादी मिटली. आणि वर शहाणपणा असा, की तोंडून काही निसटू नये म्हणून ताईकडे जाणंच सोडलं. फोन आला की "कामात आहे गं," म्हणून सुटका. चार महिने!

शेवटी ताईच कडाडली, "जिवंत आहेस ना? चहा टाकलाय, मुकाट्याने ये."

चहा ओतता ओतता ताई म्हणाली, "तुमचं पोस्ट फार रेंगाळतं बाई. माझं पत्र कुठे अडकलंय?"

"कसलं पत्र?"

"तपासणीचं. डावीकडे गाठ लागतेय हाताला. तीन महिने झाले."

धाकटीचा कप बशीवर आदळला. "अगं, मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? पत्र असतं ते काही त्रास नसलेल्यांना! गाठ लागली की त्याच दिवशी जायचं, वय नाही बघायचं!"

"मला काय ठाऊक? म्हटलं, मधेच दुसरीकडे दाखवलं तर तुझं काम बिघडेल. तुलाच विचारणार होते, पण तू फिरकतेस कुठे?"

धाकटीला रडूच फुटलं. "चुकलं माझं, ताई. तुला पत्र येणारच नव्हतं. मला माहीत होतं."

ताई उठली, पदराने हात पुसले.

"रडतेस काय? चप्पल घाल. एकटीने जायची मला भीती वाटते."