वाफाऱ्याची खोली

धाकट्या मुलाची एक खोड मोठ्या बाईंच्या डोक्यात जायची. आईशी बोलताना तो छताकडे बघायचा. आई तब्येत विचारतेय आणि हा तुळयांमधलं अंतर पुटपुटतोय. लोकांच्या इमारतींना धूर ओळखणारी यंत्रं बसवून बसवून याची मान वरच अडकली, असं बाई कारागिरांना ऐकवायच्या. कारागीर हसायचे. तोही हसायचा, छताकडे बघतच.

या वेळी मात्र इमारत घरचीच होती. खाली गाद्यांचा कारखाना, वर बिऱ्हाड. मागे एकदा फोम कापायची तापलेली तार कात्रणांच्या ढिगाला टेकून राहिली आणि ढीग आतल्या आत धुमसत गेला. उंच छताला लावलेली जुनी यंत्रं ढिम्म. कुणाच्या तरी नाकाला वास लागला म्हणून निभावलं. तेव्हा कारखाना सांभाळणारा थोरला भावाला म्हणाला, जगाला शहाणपण वाटत फिरतोस, घरातही थोडं सांडू दे.

धाकट्याने बेत आखला. छताखालून नळ्या फिरवायच्या, नळ्यांना ठरावीक अंतरावर बारीक भोकं पाडायची आणि जिन्याखाली एक पेटी बसवायची. पेटी त्या भोकांतून सतत हवा ओढणार आणि हवेत धुराचा मागमूस जरी लागला तरी भोंगा वाजवणार.

"म्हणजे माझी नणंदच की ही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात काय जळतंय ते हिला आधी कळणार."

मग त्यांनी एकच विचारलं. वरच्या मागच्या खोलीत नळी कुठाय? त्या खोलीत त्यांचे यजमान पडून होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, छाती कफाने भरलेली. काही झालं तर हाक मारायचीही सोय नाही.

धाकटा छताला म्हणाला, तिथे नको. बाबांना दिवसभर वाफारे द्यावे लागतात आणि पेटीला वाफ न् धूर सारखेच. बाहेरच्या बोळात भोक ठेवतो. पण बोळाचं दार बाई कधी उघडं ठेवत नसत. फोमची भुकटी वर आली की यजमान घुसमटायचे. बंद दाराआडचा धूर बोळात येईपर्यंत मागे काय उरेल, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. उष्णतेवर वाजणारं एक यंत्र असतं, धाकटा म्हणाला, पण खोली तापेपर्यंत धूर छातीत गेलेला असेल.

बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. ज्याने घाम गाळून या भिंती उभ्या केल्या, त्याला वगळून भिंती वाचवताय? गाद्या आधी आणि बाप मागून? थोरल्याने मान खाली घातली. धाकट्याने नळी खोलीत नेली.

पहिल्याच सकाळी बाईंनी यजमानांना उशीला टेकवून बसवलं, डोक्यावरून टॉवेल घेतला, पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि खाली भोंग्याने बोंब ठोकली. मशिनी थांबल्या. माणसं अर्धवट शिवलेल्या खोळी टाकून अंगणात पळाली. थोरला बापाला उचलायला जिना चढून आला आणि दारात वाफ बघून धापा टाकत खालीच बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं. पोरगा येतो तर खरा.

संध्याकाळी पुन्हा तेच झालं. निम्मीच माणसं उठली, तीही आळोखेपिळोखे देत.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बाई पातेलं खाली ठेवून जिन्याच्या कठड्याशी आल्या. खाली मशिनी चालूच होत्या. एका शिलाईवालीने दाताने दोरा तोडला आणि नव्या पोरीला सांगितलं, "बस गं, मालकांचा वाफारा चाललाय." थोरल्याने फोन कानाला धरूनच पेटीचं बटण दाबलं, भोंगा गप्प केला आणि बोलत बोलत निघून गेला. जिन्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्या दुपारी बाईंनी वाफारा दिला नाही. यजमानांच्या छातीत घरघर वाढत गेली. हात हातात घेऊन त्या बसून राहिल्या, जणू दम धरला की कफ ऐकेल. ओठ निळे पडायला लागले तेव्हा धावत जाऊन त्यांनी पाणी तापत ठेवलं. भोंगा वाजला, गप्प झाला. कुणी वर आलं नाही.

दिवेलागणीला त्यांनी धाकट्याला बोलावलं. तो शिडी घेऊनच आला, म्हणजे त्यालाही खालून सगळं कळलं होतं. शिडी भिंतीला लावून तो उभा राहिला आणि कधी नव्हे तो थेट आईकडे बघत राहिला. बाईंनी यजमानांचं तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं.

"काढ ती नळी," त्या म्हणाल्या. "ते उष्णतेचं काय असेल ते लाव. तुझं काही चुकलं नाही, हेच वाईट झालं रे. चुकला असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आता माझ्या तोंडाकडे नको बघूस. वर बघ."