तांबड्या मातीतला जळकुकडा

मित्रांनो, मी पाणीपुरवठा खात्यातला एक जुना धातुशोधक आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी जळकुकडा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लांब दांडा, खाली गोल चकती, वर एक फिरवायचं काळं बटण. मातीखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं शोधायची, हे माझं काम. आमच्या टेकडीवरची माती तांबडी, तिच्यातच लोह भरलेलं. तशीच चकती फिरवली तर मी मातीलाच लोखंड समजून बोंबलत सुटतो. म्हणून फिटरकाका मला आधी मोकळ्या जागी नेत, चकती वीतभर उचलून खाली आणत आणि वरचा-खालचा आवाज एकसारखा होईपर्यंत बटण हळूहळू फिरवत. मग मातीकडे माझं लक्षच जात नसे. झाकण आलं की मात्र मी खणखणीत ओरडायचो.

"ह्याचा कान पक्का आहे," काका सगळ्यांना सांगत. वीस वर्षं मी या एका वाक्यावर काढली.

मग काकांची पुतणी त्याच खात्यात फिटर म्हणून लागली आणि तिला नवा धातुशोधक मिळाला. त्याला म्हणे आकडे दाखवणारा पडदा आहे. एक कळ दाबून चकती चारदा खाली-वर केली की तो आपला आपणच मातीशी जुळवून घेतो. त्याला मऊ अस्तराची पिशवी, मला झाडूंशेजारचा कोपरा! माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याचे सेल संपले की मला आनंदाच्या उकळ्या फुटत. कबूल करतो.

एके सकाळी टेकडीच्या रस्त्यावर पाइप फुटला. पाणी थेट शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घराकडे धावलं. आत शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे जमिनीवरच ठेवलेले. पाणी बंद करायचं तर व्हॉल्व्हचं झाकण नव्या मुरुमाखाली गाडलेलं. पुतणी पिशवी उघडू लागली.

"राहू दे गं तुझं ते खेळणं," काका म्हणाले. "माझा म्हातारा बघ कसा शोधतो."

मी असा फुगलो म्हणता! पण घाईत काकांनी मला उभ्या जागीच जुळवलं, आणि चकतीखाली नेमकं झाकण होतं. मी झाकणालाच माती समजलो. त्याच्यावर गप्प बसलो आणि पुढे जिथे तिथे किंचाळलो. काकांनी दोन खड्डे खणले. निघाली नुसती माती.

"अहो, पाणी उंबऱ्याला लागलं!" बाई ओरडल्या.

पुतणी पिशवी उचलून रस्त्यापलीकडे गेली, तिथल्या मोकळ्या मातीवर नव्याला जुळवून परत आली आणि काकांनी मला जुळवलं होतं त्याच जागी थांबली. तिथे खणलं. झाकण निघालं, पाणी थांबलं. तरी खालचे गठ्ठे भिजलेच.

"कान गेला ह्याचा. भंगारात टाका," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्याला कशाला बोलता, काका? तुम्ही झाकणावरच जुळवलंत ना त्याला? माझंही मशीन तिथे फसलंच असतं." असं म्हणून तिने बाहीने माझी चकती पुसली.

इतके दिवस मी नव्याच्या पडद्यावर जळलो, पिशवीवर जळलो. हेवा करावा असं त्याच्याकडे एकच होतं, ती पुतणी. तो हेवा अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

मित्रांनो, भंगारवाला उद्या यायचाय. मला द्यायचं तर द्या. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, मोकळ्या जागी नेऊन माझं बटण फिरवून बघा.