सनी वेल्सचं नाव

“पहिलं पान बाहेरच्याचं, मग आपलं. आणि देताना उंबऱ्यात गप्पा मारत उभी राहू नकोस, अन्न निवतं.”

आईचा हा आवाज माझ्या कानात अजून जसाच्या तसा आहे. सासरी पाठवताना तिने दागिन्यांचं काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं. पुण्यात होते तोवर कुणी ना कुणी दारात यायचंच. रॉटरडॅमला आल्यावर यांच्या ऑफिसातल्या एखाद्या एकट्या मुलाचा डबा असायचा. पण दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळ्यांची दारं बंद झाली आणि मी झाकलेलं ताट हातात घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी.

“अगं, ठेव ते खाली,” चंद्रहास आतून म्हणाले. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांचं ऑफिस चालू होतं. “बाहेरचं कोण मिळणार आता तुला? बाहेर दिसला तर पोलीस दंड करतील त्याला.”

तेवढ्यात भिंतीपलीकडे ट्रम्पेट वाजायला लागलं.

“घे! तुझा बाहेरचा वाजला.”

शेजारच्या घरातली ती रेकॉर्ड एरवी रोज साडेदहाला लागायची, नेमकी माझ्या जपाच्या वेळेला; आज जेवणाच्या वेळीही लागली होती. तीन वर्षं मी मनातल्या मनात चिडत होते. एका मण्यावर देवाचं नाव आणि दुसऱ्यावर ढॅण ढॅण. पण त्या दिवशी देवानेच तिकडे बोट दाखवलं असं मला वाटलं. आमच्या इमारतीत सगळ्या घरांपुढून एकच लांब उघडी गॅलरी जाते. शेजारच्या दारापुढे स्टूल ठेवून त्यावर ताट ठेवलं, बेल वाजवली आणि दीड मीटर मागे सरकले.

दार उघडलं. उंच, सावळ्या, सडपातळ आजी. पांढरे कुरळे केस, कानात मोती, अंगात कडक इस्त्रीचा झगा. जिथे कुणाकडे जायचं नाही तिथे इस्त्री!

“तक्रार करायला आलीस का? आवाज फार होतो?”

“नाही. जेवण आणलंय.”

“का?”

नेमाला डचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. माझं डच क्लासमधलं, तोडकंमोडकं. म्हटलं, “आईला शब्द दिलाय.”

“मग घ्यायलाच पाहिजे. नाव काय तुझं?”

“वास.” इथे सगळे मला तेच म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मी कुणाला सांगत बसत नाही.

“हे अर्धंच दिसतंय. उरलेलं कुठे ठेवलंस?”

“वासंती.”

“फासांती.” त्यांनी मान हलवली. स्वतःच पुन्हा म्हणाल्या. चौथ्या खेपेला बरोबर जमलं तेव्हा ताट उचललं. “मी मीना. तांते मीना म्हण, सगळे म्हणतात.” तांते म्हणजे मावशी.

घरी येऊन हे सांगितलं तर चंद्रहास म्हणाले, “मला ऑफिसात ‘हास’ म्हणतात. डचमध्ये ससा. मी काही बोललो का कधी?”

तेव्हापासून रोज साडेबाराला स्टूल, ताट आणि दोन खुर्च्या. आईची दुसरी अट मी मोडली, हे कबूल करते. उंबऱ्यात बसून आम्ही तास तास बोललो. ताटावर झाकलेला पंचा दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडीत परत यायचा. तांते मीनांनी एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकेचाळीस वर्षं इस्त्री केली होती. लग्न केलं नाही. एक भाचा, तो ग्रोनिंगनला.

“रोज दीडशे कोट,” त्या म्हणाल्या. “खिशावर डॉक्टरचं नाव शिवलेलं असायचं. मी नाव वाचून इस्त्री करायची. माझं नाव विचारायला एकच जण खाली आला, तोही बटण तुटलं म्हणून.”

एकदा घारगे खाता खाता मी विचारलं, “तांते, हे जॅझ मुळात आलं कुठून?”

“दुःखातून, असं पुस्तकात लिहितात.” त्यांनी बोटं पुसली. “माझे बाबा म्हणायचे, जुन्या बाजारातून! अमेरिकेत लढाई संपली, पलटणींचे बँड मोडले, ट्रम्पेटं, क्लॅरिनेटं कवडीमोलाने विकायला आली. ज्यांच्या आजोबांना गुलामीत ढोलसुद्धा वाजवू दिला नव्हता, त्यांनी ती घेतली. शिकवणार कोण? मग शेतात एकमेकांना घालायच्या हाका, चर्चमधली गाणी, जे गळ्यात होतं ते त्यांनी पितळेत फुंकलं. झालं. तिथून आगबोटींवर, बोटींवरून बंदरांत. आपल्या या बंदरात आधी संत्री उतरायची, मागोमाग तबकड्या. पेपरात काय लिहायचे माहीत आहे? साथ आलीय! तरुण पोरांना लागण होतेय!”

मास्क हनुवटीवर ओढलेलेच होते, दोघी हसलो.

मी म्हटलं, “आमच्या भजनातही असंच. एक जण ओळ म्हणतो, मागे सगळे उचलून धरतात.”

“आणि मग?”

“मग पुन्हा तो म्हणतो.”

“आणि मागच्यांतल्या एकेकाची पाळी कधी येते?”

मी आणखी एक घारगा उचलला.

“आमच्यात येते. बाबा दिवसभर बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. तिथे कोण विचारतंय? पण संध्याकाळी उभं राहिलं की बारा आवर्तनं त्यांची. तेवढ्यात त्यांनी काय वाटेल ते सांगावं, बाकीचे खाली मान घालून साथ करणार.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला रेकॉर्ड लागली तेव्हा मी भिंतीला कान लावला. आधी चौघे मिळून एक साधी चाल वाजवतात. मग ट्रम्पेट एकटंच पुढे येतं, तीच चाल वाकवतं, मोडतं, थबकतं, पुन्हा उचलतं. वाजवणारे तांतेंचे बाबाच, हे त्यांनी कालच सांगितलं होतं. आयुष्यात निघालेली त्यांची एकुलती एक तबकडी. देव मला क्षमा करो, त्या दिवशी माळ अर्धा तास उशिरा सुरू झाली.

ईशानी, आमची तेरा वर्षांची मुलगी, बघत होती. “आई, यू आर लिसनिंग टू जॅझ!”

“गप्प बस आणि शाळा कर,” मी म्हटलं.

मे महिन्यात तांतेंनी ती तबकडी मला दारातून दाखवली. लेबलवर लिहिलं होतं, सनी वेल्स, न्यूयॉर्क.

“हे कोण?”

“बाबा.”

मग त्यांनी सांगितलं. बाबांचं नाव योहानेस लांडफेल्ट. जन्म समुद्रापलीकडच्या सुरीनामचा, पारामारिबो शहराचा. तिथे तेव्हा डच राज्य, त्यामुळे शाळा डच, प्रार्थना डच, भांडणंही डच. विसाव्या वर्षी बोटीवर कोळसा टाकत रॉटरडॅमला आले. इथे नुकतं जॅझचं खूळ वाढत होतं, बंदराकाठी नाचघरं निघाली होती. काळा माणूस ट्रम्पेट वाजवतो म्हटल्यावर मालक खूश. फक्त एक अट. लोकांना अमेरिकन पाहिजे. तेव्हा नाव सनी वेल्स, आणि हॉलमध्ये डचचा एक शब्द काढायचा नाही.

“मी पाच वर्षांची होते. रविवारचा दुपारचा नाच. आई मला पहिल्यांदाच घेऊन गेली. बाबांचं वाजवून झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी धावत स्टेजपाशी. ‘पापा, मला पण वर घे!’ चक्क डचमध्ये. सगळा हॉल वळून बघायला लागला. बाबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, म्हणाले, ‘सॉरी, नो डच.’ लोक खो खो हसले. मीही हसले, वासंती. मला वाटलं खेळ आहे.”

“मग?”

“घरी येऊन स्वयंपाकघरात बसले. जेवले नाहीत. मला मांडीवर घेतलं आणि इथल्या नद्यांची नावं म्हणायला लागले, शाळेत पाठ केलेली. शेवटची नदी झाली की पुन्हा पहिल्यापासून.”

 तांतेंनी उठून आतून एक कागद आणला. बंदराजवळच्या एका छोट्या संग्रहालयात, या शहरात जॅझ कसं आलं, याचं प्रदर्शन होणार होतं. तांतेंनी बाबांचा फोटो दिला होता. फोटोखाली लागणाऱ्या ओळी संग्रहालयाने कळवल्या होत्या: ‘सनी वेल्स, अमेरिकन ट्रम्पेटवादक.’

“मी फोन केला. तिथला मुलगा गोड बोलला. म्हणाला, जाहिरातींत, तबकडीवर, सगळीकडे हेच नाव आहे. तुमच्याकडे अस्सल कागद असेल तर समोर आणून दाखवा, पण सध्या आम्ही बंद आहोत.” त्यांनी कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, अगदी लहान होईपर्यंत. “अमेरिका बाबांनी नकाशातसुद्धा धड पाहिली नव्हती. भिंतीवर लागले की पुन्हा मला तेच म्हणणार. नो डच.”

अस्सल कागद होता. खलाशांना मिळायचं ते पुस्तक, त्यात फोटो, गाव, सही, आणि वरच्या ओठावरची तीच खूण जी ट्रम्पेट धरलेल्या फोटोत होती. फक्त संग्रहालय उघडायला हवं होतं. ते उन्हाळ्यात थोडं उघडलं तेव्हा प्रदर्शन पुढे ढकललेलं, तो मुलगा घरून काम करणारा. मग पुन्हा बंद. नोव्हेंबरात तांते घरात पडल्या, खुबा मोडला. हॉस्पिटलमधून थेट वृद्धाश्रमात नेलं आणि घराची किल्ली माझ्याकडे आली.

भेटायला आत सोडत नव्हते. तळमजल्याची खोली, खाट खिडकीला लागून, बाहेर सायकली लावायची जागा. मी गुरुवारी डबा कचेरीत द्यायचे आणि खिडकीपाशी उभी राहायचे. नर्स फोन तांतेंच्या कानाला धरायची. जानेवारीतल्या गुरुवारी तांते उशीवर फार लहान दिसत होत्या.

“पुस्तक कपाटात आहे,” फोनमधून आवाज आला. “इस्त्रीच्या चादरींत, खालून तिसरी. संग्रहालय उघडलं की तू जा.”

“ईमेल करू का तोपर्यंत? ईशानी छान लिहून देईल.”

“ईमेल खूप झाले. समोर जाऊन उभी राहा. आणि त्या मुलाला नाव पूर्ण सांग.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी कानाकडे बोट केलं. ऐकू आलं नव्हतं. माझा आवाज जन्मापासून असाच. शाळेत हजेरीलासुद्धा बाई दोनदा नाव घ्यायच्या.

“हो, तांते.”

पुन्हा बोट. नर्स हसली. बाहेर वारा होता, हात गारठले होते, सायकल लावणारा एक माणूस बघत होता. मी पोटातून ओरडले, “हो! मी जाईन! मी सांगेन!”

तांतेंनी काचेवर तळवा टेकवला. मी बाहेरून टेकवला. काच गार होती.

फेब्रुवारीत त्या गेल्या. करोनाने नाही, नुसत्याच. अंत्यविधीला मोजकी माणसं, एकमेकांपासून लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर. भाच्याने ती तबकडी लावली. ट्रम्पेटची पाळी आली तेव्हा सगळे खाली मान घालून बसलो होतो. पुस्तकाचं मी त्याला सांगितलं. “तिने तुम्हाला सांगितलंय ना, मग तुम्हीच जा,” तो म्हणाला. घर रिकामं करून तो गेला. पुस्तक मी देवघराच्या खणात ठेवलं होतं.

जूनमध्ये संग्रहालयं उघडली. जाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागायची. मला शनिवारची दहाची मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी ईशानीने माझ्याकडून ‘लांडफेल्ट’ या नावाची उजळणी करून घेतली.

“आई, नॉट ‘वेल्ड’. ‘फेल्ट’. अँड लाउडर. यू साउंड लाइक यू आर से-इंग सॉरी.”

“सॉरी नाही म्हणत गं मी.”

“एक्झॅक्टली! डोंट.”

चंद्रहास ऐकत होते. म्हणाले, “मी येऊ का बरोबर? तो म्हणेल, बाई, पोस्टर छापून झालंय, पुढच्या वेळी बघू. आणि तू म्हणशील, बरं, आणि परत येशील. मी ओळखतो ना तुला.”

तेच मला रात्रभर वाटत होतं. तो गोड बोलेल. गोड बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

“नको,” मी म्हटलं. “तो ‘बघू’ म्हणाला तर मी तिथेच बसेन. पुढची वेळ घेऊन आलेल्यांना मागून जाऊ दे.”

 “बरं, वासंती,” चंद्रहास म्हणाले. एरवी ते मला नावाने हाक मारत नाहीत.

सकाळी दोघंही झोपली होती. पूजा उरकली. खलाशाचं पुस्तक मऊ कापडात गुंडाळून पिशवीत ठेवलं. आत एका कोपऱ्यात तांतेंच्या बाबांची खऱ्या नावाची सही होती, शाळेत गिरवल्यासारखी, एकेक अक्षर जपून काढलेली. गॅलरीत शेजारच्या दारापुढे आता नव्या बिऱ्हाडाच्या तीन सायकली होत्या. चावी न वाजवता मी दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये एका वेळी एकानेच जायचं, असा कागद अजून चिकटवलेला होता आणि खालून कुणीतरी आधीच बटण दाबलं होतं. थांबले नाही. पिशवी छातीशी धरली आणि जिन्याने निघाले.