तुळजाबाईंचे न भाजणारे पाय

विश्रांतवाडीच्या पुढे, कपडे धुण्याच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी सकाळपासून बायकांची रीघ लागली होती. भिंतीतल्या भोकातून खालच्या टाक्यात गरम पाणी पडायचं. शेजारी खुर्ची टाकून औदुंबर महाराज बसायचे. त्यांनी हाक मारली की देवी वाहते आणि तिच्या पाण्यात पाय बुडवले की गुडघे, साखर, सगळं बरं होतं, अशी ख्याती. त्या पाण्यात हळद टाकली की डोळ्यांदेखत तिचं कुंकू व्हायचं. आणखी काय हवं?

आज मात्र देवी हाक मारण्याआधीच आली.

"आईला घाई झालीय!" महाराजांनी सावरून घेतलं. "भक्तांची ओढ! या, रांगेनं या."

पहिल्या बाईने पाय घातला आणि किंचाळून मागे घेतला. दुसरीनेही तेच केलं. तुळजाबाई मात्र पाण्यात उतरून शांत उभ्या राहिल्या.

"बघा! हिला म्हणतात श्रद्धा. तुमच्या मनात शंका, म्हणून चटके!" महाराज म्हणाले.

बायकांनी तुळजाबाईंना हात जोडले. तुळजाबाईंचा ऊर भरून आला. कारखाना व्हायच्या आधी या जागेवर त्यांचीच ज्वारी डुलायची. आपल्या रानातली देवी आपल्याला जाळेल कशी?

"अहो, पाय बाहेर काढा आधी!" मागून आवाज आला. निवृत्त विज्ञान शिक्षिका बिलकिसबाई गर्दीतून पुढे घुसल्या. तुळजाबाईंच्या नातीने, उत्कर्षाने, त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. दोघींनी तुळजाबाईंना ओढून नळाखाली बसवलं. पावलं लालबुंद झाली होती आणि फोड टरारून वर येत होते.

"मला कुठं काय झालंय? चटका बी लागला न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या.

बिलकिसबाईंनी त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढला. "आता मी काय केलं?"

"काय केलं?"

"चिमटा काढला. साखरेनं तुमचे पाय बधिर झालेत, तुळजाबाई. आग लागली तरी कळायचं नाही. इन्सुलिन घेताय ना?"

"महिना झाला बंद करून. साईनाथ म्हणाला, आत्या, देवी हाय तर सुया कशाला?"

"पाखंडी बाई!" महाराज गरजले. "हळदीचं कुंकू होतं, ते काय आपोआप?"

"धुण्याच्या सोड्यानंही होतं. हा प्रयोग उत्कर्षाने माझ्या ओट्यावर केलाय. हे पाणी भिंतीमागच्या बॉयलरचं. तो गंजू नये म्हणून त्याच्या पाण्यात असंच काहीतरी खारं घालतात. ते राहू द्या, महाराज. श्रद्धा तर आपली सगळ्यांत मोठी. जरा पाय बुडवता?"

"आज माझा उपवास आहे."

"पाय कधीपासून जेवायला लागले?"

कुणीतरी फिसकन हसलं. तुळजाबाई हसल्या नाहीत. साईनाथ भिंतीपलीकडे त्याच बॉयलरवर कामाला होता. त्याची आई गेल्यावर त्याला, आपल्या भावाच्या पोराला, त्यांनीच वाढवलं होतं.

रिक्षा चालवणाऱ्या उत्कर्षाच्या बापाला फोन झाला, रिक्षा निघाली. ती येईपर्यंत पावलांवर ओलं फडकं गुंडाळून तुळजाबाई हट्टानं कारखान्याच्या फाटकातून आत शिरल्या, मागोमाग बिलकिसबाई आणि उत्कर्षा. आरडाओरडा ऐकून व्यवस्थापक श्रीनिवासही धावत आले. बॉयलरशेजारी साईनाथ व्हॉल्व्हच्या चाकाला लांब पाना लावून घट्ट पिळत होता.

"व्हॉल्व्ह बंद आहे ना?" बिलकिसबाईंनी विचारलं. "मग उत्कर्षा, त्याच्या पुढच्या पाइपवर पाणी शिंपड. हात लावू नकोस."

पाणी छर्रकन उडून गेलं.

"व्हॉल्व्ह खरंच बंद असता तर पुढचा पाइप गार झाला असता. हा गळतोय."

"साईनाथ," तुळजाबाई म्हणाल्या, "लहानपणी पाढे म्हणायचास, तसं न चुकता सांग."

साईनाथची मान खाली गेली. "हा बॉयलरचा गाळ काढायचा व्हॉल्व्ह. गाळ काढताना पुरता उघडायचा, मग पुरता बंद करायचा. मी महाराजांची हाक आली की जरासाच उघडायचो, झऱ्यासारखं दिसावं म्हणून. अर्धवट उघड्या फटीतून गाळाचं पाणी जोरात जातं. त्यानं आतली बैठक, म्हंजी झाकण जिथं घट्ट बसतं ती जागा, खरवडली गेली. आता कितीही पिळा, बंदच होत न्हाई."

"हे कशासाठी केलंस?" श्रीनिवासांनी विचारलं.

"इथं देवीचं मंदिर झालं की महाराज मला विश्वस्त करणार होते."

श्रीनिवासांनी त्याच पाइपवरचा, बॉयलरच्या बाजूचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला. भिंतीपलीकडून महाराजांचा आवाज आला, "ये आई, ये!" आई काही आली नाही. पुन्हा हाक, आणखी मोठ्यानं. मग बायकांची कुजबुज ऐकू आली.

"आत्या, रोज मी त्यात गार पाणी मिसळायचो गं," साईनाथ रडवेला झाला. "तुझे पाय भाजू नयेत म्हणून. आज आपोआप गळलं, मिसळायला वेळच मिळाला न्हाई."

तुळजाबाई म्हणाल्या, "म्हंजी भाजतं, हे तुला ठावं होतं. देवी न्हाई, हे बी ठावं होतं. आन् माझी सुई तूच बंद केलीस."

रिक्षा भिंतीपाशी आली. साईनाथ हात द्यायला पुढे झाला. तो हात बाजूला सारून त्या बिलकिसबाईंच्या खांद्याला धरून चढल्या. बायका गोळा झाल्या. तुळजाबाईंनी फडकं सोडून पाय सगळ्यांपुढे धरला.

"नीट बघा गं. ज्यांनी पाय मागं घेतले, त्याच शहाण्या. चटका लागला तर लागला म्हणा, मग पुढं महाराज असू दे न्हाईतर घरचं माणूस. पाणी कुठनं येतंय ते विचारा. आन् डाक्टरला विचारल्याबिगर कुणी सुई बंद करू नका."