निरोगी माणसांचं रक्त

थोरली ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथे माणसं का थकतात यावर संशोधन चालायचं, आणि ते करता करता तिथली झाडून सगळी माणसं मरणाची थकलेली असायची. यातला विनोद अजून कोणाच्या ध्यानात आला नव्हता. विनोद कळायलाही थोडी झोप झालेली असावी लागते.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. रक्तातल्या पेशी यंत्रात घालायच्या, औषधं सोडून त्यांना पळवायचं आणि त्या प्राणवायू किती खातात ते बघायचं. जितका जास्त खातील, तितकी त्यांच्यात ऊर्जा. एका बाजूला वर्षानुवर्षं थकव्यानं अंथरूण धरलेल्यांच्या पेशी, दुसऱ्या बाजूला धडधाकट माणसांच्या. फरक दिसला तर दुखणं शरीरात आहे. नाही दिसला, तर ते बहुधा मनात आहे असा निबंध प्रमुख बाई लिहिणार होत्या. त्यांनी मथळाही ठरवून टाकला होता.

अंथरूण धरलेल्यांत थोरलीची सख्खी धाकटी बहीण होती. सहा वर्षांपूर्वी तिला साधा ताप आला आणि जाताना अंगातली सगळी ताकद घेऊन गेला. अंघोळ केली की दोन दिवस पडून. तपासण्यांचे कागद मात्र ठणठणीत. आईनं पहिल्याच महिन्यात निदान करून टाकलं होतं की पोरीच्या अंगात आळस भरलाय, आणि रोज सकाळी दारात उभी राहून ती 'ऊठ' म्हणायची. थोरलीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, थांब, यंत्रच काय ते सांगेल, ते कोणाचं मिंधं नाही.

यंत्रानं सांगितलं. रुग्णांची रेघ आणि धडधाकटांची रेघ गळ्यात गळे घालून चालल्या होत्या. घरी हे ऐकून आईनं ज्या नजरेनं पाहिलं त्यात सगळं आलं. खरं सांगायचं तर थोरलीच्याही मनात पाल चुकचुकली, आणि त्याची तिला लाज वाटली.

धाकटी डोळ्यांवर हात घेऊन पडली होती. तिनं तसंच विचारलं, "धडधाकट म्हणून कोणाला धरलंत?"

"आम्हालाच. आणखी कोणाला?"

तिथे पहिल्यापासून तीच पद्धत होती. बाहेरचा माणूस सुईखाली आणायचा म्हणजे परवानग्या आणि मिनतवाऱ्या. त्यापेक्षा शेजारच्या टेबलावरच्यानं बाही वर करावी, काम फत्ते. त्या बाह्यांपैकी एक बिस्किटांवर जगणाऱ्या विद्यार्थ्याची होती, एक तान्ह्या पोराच्या बापाची, एक खुद्द प्रमुख बाईंची, ज्या खुर्चीतच झोपायच्या आणि त्याला चिंतन म्हणायच्या. थोरली स्वतः नळ्या मोजता मोजता उभ्यानं पेंगायची.

धाकटी हसायला लागली. हसणं तिला परवडत नव्हतं, त्या हसण्यापायी ती पुढे दोन दिवस मान उचलू शकली नाही.

थोरलीनं प्रमुख बाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण निरोगी नाही तर जगात निरोगी आहे कोण, असं त्यांनी विचारलं. मागे कोणीतरी मोठी जांभई दिली. बाई बराच वेळ त्या जांभईकडे बघत राहिल्या, मग सगळ्यांना पंधरा दिवस घरी जाऊन झोपायचा हुकूम सुटला. माणसं आधी घाबरली, नोकरी गेली असंच त्यांना वाटलं. मग झोपली. परतल्यावर सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं आणि रुग्णांचंही. धाकटीचं थोरलीनं घरी जाऊन काढलं.

नवा आलेख घेऊन थोरली धाकटीच्या पलंगावर बसली. आई दारात उभी होती.

"ही आमची रेघ, झोप काढायच्या आधीची," थोरली म्हणाली. "आणि ही नंतरची."

दुसरी रेघ कागदाच्या वरच्या टोकाला टेकली होती.

"आणि तिची?" आईनं विचारलं.

"तिची होती तिथेच आहे. आई, पंधरा दिवसांच्या आरामात आम्ही सगळे सुधारलो. नुसता आळस असता तर सहा वर्षांच्या आरामानं ही डोंगर चढली असती."

आई आत आली. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग ती धाकटीकडे वळली.

"मी रोज तुला ऊठ म्हणायचे."

"मी रोज उठायचे, आई," धाकटी म्हणाली. "उठून बसले की तेवढ्यात माझा दिवस संपायचा. तोवर तू दारातून गेलेली असायचीस."